मागे जाताना

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या जुन्या घराण्याचा मूळपुरुष शोधणारे बरेचजण उलट्या टोकाने सुरुवात करतात. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या १०२ जणांत आपलं आडनाव दिसलं, की त्या माणसाला थेट पणजोबांशी जोडायला बसतात. ही जोडणी सहसा फसते. त्यातले जवळपास निम्मे लोक तर पहिल्याच हिवाळ्यात दगावले. शोध स्वतःपासून मागे न्यायचा, एकेक पिढी, आणि दर पिढीला “हा याचाच मुलगा” म्हणणारा कागद हवा.

१८५० पर्यंत वाट बरी आहे. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते, आणि १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय लिहिलेलं असतं. गुलामीतल्या कुटुंबांची नावं मात्र १८७० मध्ये पहिल्यांदा येतात. १८९० च्या मागे लागू नका. १९२१ च्या आगीनंतर त्यातलं फारच थोडं उरलं.

१८४० च्या पानावर नाव एकट्या कुटुंबप्रमुखाचं. पुढे नुसते आकडे: पाच वर्षांखालचे मुलगे २, वीस ते तीसमधला पुरुष १, तीस ते चाळीसमधली बाई १. ती बायको, बहीण की विधवा भावजय? पान गप्प.

म्हणून इथून मागे खरेदीखतं आणि मृत्युपत्रं. नवऱ्याच्या पश्चात जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यावर विधवेचा हयातभर हक्क असायचा. जमीन विकताना बायकोने तो सोडला तर खतात तिचं नाव येतं. कित्येकदा तिची तेवढीच खूण उरते. वडिलोपार्जित जमीन वारसांनी एकत्र विकली असेल तर एकाच खतात सगळी भावंडं आणि जावईसुद्धा सापडतात. विकणारे आणि घेणारे, दोन्ही सूच्या चाळा. मॅसॅच्युसेट्समध्ये खतं काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाकडे, तर शेजारच्या कनेक्टिकटमध्ये गावाच्या कचेरीत. काउंटीचे पुढे तुकडे झाले असतील तर जुने कागद बहुधा मूळ काउंटीतच राहिलेले असतात.

शब्दही चकवतात. ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असं नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला तसं म्हणत, आणि थोरला गेला की धाकटाच ‘सीनियर’ व्हायचा. ‘सन-इन-लॉ’ हा कधी जावई, कधी सावत्र मुलगा.

तारखांचं तर विचारूच नका. १७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदलायचं. लग्न मे १७३१ आणि पहिलं मूल फेब्रुवारी १७३१, असं वाचून लोक चपापतात. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७३२ चा, लग्नानंतर नऊ महिन्यांनी आलेला. काही कारकून १७३१/३२ असं लिहीत. उतरवताना तिरकी रेघ गाळू नका.

क्रांतियुद्धातल्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या, सैनिकांच्या विधवांना पेन्शनसाठी लग्न सिद्ध करावं लागे. काहींनी घरच्या बायबलमधलं जन्म-विवाहाचं पानच फाडून अर्जाला जोडलं. असे अर्ज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. असं पान हाती आलं तर शाई बघा. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या असतील तर त्या एका बैठकीत, आठवून लिहिलेल्या असू शकतात. मुखपृष्ठ टिकलं असेल तर बायबल छापल्याचं साल बघा: ते १८१० आणि पहिली नोंद १७७५ ची असेल, तर ती नोंद किमान पस्तीस वर्षांनी झालेली आहे.