एकाच दिशेने चालणारा नकलनवीस

श्रोतेहो, नमस्कार. घरात दोनपदरी सुतळी असेल तर हातभर तुकडा घ्या. एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसऱ्या टोकाचे पदर सोडवून दोन्ही हातांनी बाजूला ओढत चला. वीतभर सुटते न सुटते तोच हात अडतो. पुढचा पीळ आवळत जातो आणि सुतळी स्वतःभोवतीच वेटोळी घालू लागते. पेशीचे दोन भाग होण्याआधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल निघते, तेव्हा पहिली अडचण हीच असते.

डीएनएचे दोन पदर एकमेकांभोवती वळलेले. मधल्या पायऱ्या चार अक्षरांच्या: ॲडेनिनसमोर थायमिन, दोन हायड्रोजन बंधांनी धरलेलं; ग्वानिनसमोर सायटोसिन, तीन बंधांनी. साधारण साडेदहा पायऱ्यांना एक वळसा. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूच्या डीएनएत अशा सुमारे 46 लाख पायऱ्या असतात, म्हणजे सव्वाचार लाखांहून जास्त वळसे. ते सगळे 40 मिनिटांत उलगडायचे! काम एका जागेपासून दोन्ही बाजूंना सुरू होतं, तरी प्रत्येक बाजूला सेकंदाला नव्वदएक वळसे सुटावे लागतात.

पदर विलग करतं ते हेलिकेज नावाचं एन्झाइम. पुढे साचणारा पीळ गायरेज काढतं, आणि त्याची रीत धाडसी आहे: दोन्ही पदर चक्क कापायचे, त्या फटीतून डीएनएचाच दुसरा भाग पलीकडे न्यायचा, मग काप पुन्हा सांधायचा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची गोळी नेमकी इथे घाव घालते. कापलं जातं, पण सांधलं जात नाही. तुटक्या डीएनएमुळे जिवाणू मरतो.

आता खरी गोम. दोन पदर परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून असतात. अक्षरं जोडणारं पॉलिमरेज मात्र नव्या पदराच्या एकाच टोकाला, ज्याला थ्री-प्राइम म्हणतात त्यालाच, भर घालू शकतं. शिवाय कोऱ्या जागेवर सुरुवात करणं त्याला जमत नाही. आधी प्रायमेज या दुसऱ्या एन्झाइमने दहाएक अक्षरांचा आरएनए, म्हणजे डीएनएच्याच भाऊबंद रेणूचा तुकडा, मांडून द्यावा लागतो. म्हणून एका पदराची नक्कल सलग निघते आणि दुसऱ्याची तुकड्यातुकड्यांनी: पदर थोडे उलगडले की नवा आरएनए, तिथून मागच्या तुकड्यापर्यंत लिखाण, की पुन्हा पुढे उडी. नागोया विद्यापीठातल्या रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने 1960च्या दशकात हे तुकडे दाखवून दिले. जिवाणूत एकेक तुकडा हजार-दोन हजार अक्षरांचा, आपल्या पेशीत जेमतेम शंभर-दोनशे. नंतर आरएनए काढून ती जागा डीएनएने भरली जाते आणि उरलेली चीर लायगेज सांधतं.

इतका खटाटोप कशाला? चूक खोडता यावी म्हणून, असं मानलं जातं. नवं अक्षर येताना तीन फॉस्फेट घेऊन येतं. त्यातले दोन तुटतात आणि त्या ऊर्जेवर ते जोडलं जातं. चुकीचं बसलं तर पॉलिमरेज ते छाटतं, आणि पुढचं अक्षर आपली ऊर्जा घेऊन येतंच. वाढ उलट दिशेने असती तर ही ऊर्जा पदराच्या टोकावर राहिली असती आणि छाटणीबरोबर तीही गेली असती. काम तिथेच ठप्प.

छाटणीआधी साधारण लाखात एक चूक होते, छाटणीनंतर कोटीत एक. त्यातूनही निसटलेल्या विजोड जोड्या मागाहून दुसरी यंत्रणा शोधते. मग अब्जात एखादी उरते. ही यंत्रणा आनुवंशिक दोषामुळे लंगडी पडली तर लिंच सिंड्रोम होतो, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

टोकाचं दुखणं वेगळंच. आपली गुणसूत्रं सरळ असतात; अगदी कडेचा आरएनए काढल्यावर ती जागा भरायला मागे काहीच नसतं. म्हणून टोकांना टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येणारी लांब पट्टी असते आणि दर विभाजनाला तिच्यातली 50 ते 200 अक्षरं झिजतात. बीजपेशींत टेलोमरेज नावाचं एन्झाइम ही झीज भरून काढतं. शरीरातल्या बहुतेक पेशींत ते जवळजवळ बंद असतं. ई. कोलायला ही ददात नाही. त्याचा डीएनए वर्तुळाकार आहे, त्याला टोकच नाही.