घोड्याच्या कवटीचं माप

मंडळी, डिचोलीत उभं राहून घोड्यावर बोलायचं आणि घोडेमोडणीचं नाव घ्यायचं नाही, हे कसं चालेल? शिगम्यातल्या त्या नाचात कमरेला बांधतात त्या लाकडी घोड्याचं डोकं भरीव असतं. खऱ्या घोड्याच्या लांबोळक्या तोंडात मात्र जुन्या वाड्यासारख्या खोलीमागून खोल्या असतात. ती त्याची सायनसं, हवेनं भरलेली. आज त्या खोल्या मोजायच्या आहेत.

लांबी-रुंदीला कॅलिपर पुरतो. पोकळीचं काय? मेंदूची पोकळी मोजायला पूर्वी कवटीत मोहरी किंवा शिशाचे छर्रे ओतत आणि मग ते मापात घालत. कुडवानं भात मोजताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातली गोम लगेच कळेल. कुडव जरा हलवला की आणखी मूठभर मावतं! शिवाय जिवंत घोड्याच्या नाकात मोहरी कोण ओतणार?

सीटी स्कॅनमध्ये गुंगीचं इंजेक्शन दिलेल्या घोड्याचं डोकं उभ्या उभ्या तपासता येतं. यंत्र डोक्याच्या पातळ कापांची चित्रं देतं आणि प्रत्येक काप बारीक ठोकळ्यांत विभागलेला असतो. त्यांना व्होक्सेल म्हणतात. ठोकळा अर्धा मिमी लांब, अर्धा मिमी रुंद आणि काप 1 मिमी जाड असेल, तर असे 4000 ठोकळे म्हणजे 1 मिली. मोजणी संगणक करतो, त्यात काही कौतुक नाही.

भांडण आहे ते कुठले ठोकळे मोजायचे यावर. प्रत्येक ठोकळा क्ष-किरण किती अडवतो, त्याचा आकडा हाउन्सफील्ड मापावर देतात. त्यावर पाणी 0 आणि हवा उणे 1000. हाड पाण्याच्या बरंच वर. पण दोन खोल्यांमधली भिंत काही ठिकाणी कागदाएवढी पातळ असते. तिथल्या एकाच ठोकळ्यात थोडं हाड, थोडी हवा, म्हणून आकडाही अधलामधला येतो. कुठल्या आकड्यापर्यंत हवा म्हणायचं, ती मर्यादा जरा वर सरकवली की भिंत गायब, दोन खोल्यांची एक! तरी संगणक निवांतपणे दशांशाचे तीन आकडे छापतो. मी विद्यार्थ्यांना म्हणतो, दशांश राहू दे, रेघ कुठे मारलीस ते दाखव. तीच कवटी आठवड्यानं, जुनं न बघता, पुन्हा आख. मग शेजारच्याला आखायला दे. तिन्हींत जो फरक पडेल, त्याहून बारीक काही तुला मोजता येत नाही.

आता दाढा. वर प्रत्येक बाजूला सहा मोठ्या दाढा. त्यांचा बराचसा भाग हाडात लपलेला, आणि मागच्या दाढांची मुळं थेट सायनसात शिरलेली. चावून दाढ वर्षाला 2 ते 3 मिमी झिजते, तेवढीच हाडातून खाली सरकते. म्हणजे वय वाढेल तशी आत लपलेला भाग आखूड होतो आणि खोली ऐसपैस होते. बाहेरून सारख्या लांबीच्या दोन कवट्या, एक 6 वर्षांच्या घोड्याची, दुसरी 20 वर्षांच्या. आतलं माप वेगळंच. किडक्या दाढेमुळे सायनसात पू झाला, तर डॉक्टर हाडाला भोक पाडून तो धुऊन काढतात. म्हाताऱ्या घोड्यात जिथे भोक पाडल्यावर मोकळी जागा लागते, तिथेच तरुण घोड्यात दाढेचं मूळ असू शकतं.