आजी सिरियल ऐकते, ती टीआरपीत धरली जाते का?

संध्याकाळचे सात वाजलेत. मालवणजवळचं एक घर, माजघरात टीव्ही मोठ्याने लावलाय, समोर नातवंडं, आणि आजी आत चुलीपाशी, डोळे बांगड्याच्या तिखल्यावर पण कान सगळे सिरियलकडे. ती बघत नाही, ऐकते, आणि एक एपिसोड चुकवत नाही.

टीआरपी मोजणारं मशीनसुद्धा असंच, बघत नाही, ऐकतं. चॅनलवाले आपल्या आवाजातच एक खूण मिसळून पाठवतात, वॉटरमार्क म्हणतात तिला, आपल्या कानाला ती कळत नाही पण टीव्हीला लावलेला मीटर बरोबर ओळखतो, कुठला चॅनल, किती वाजता. २०१५ पासून हे आकडे बार्क नावाची संस्था काढते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून खेड्यातली घरंही मोजायला लागले. त्याआधी मोजणी शहरांचीच व्हायची, म्हणजे आजीसारखी माणसं हिशेबातच नव्हती, हे मला फार लागतं.

पण समोर कोण बसलंय हे मीटरला कसं कळणार? त्यासाठी वेगळा रिमोट देतात, घरातल्या प्रत्येकाचं त्यावर आपापलं बटण, बसलात की दाबायचं, उठलात की परत दाबायचं, पाहुण्यांसाठी पण सोय असते. आता गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले, घरात पंधरा माणसं, आरतीची घाई, तेव्हा कोण कुणाचं बटण दाबणार? आणि चुलीपाशी बसलेल्या आजीचं?

देशात टीव्हीची घरं २३ कोटींच्या आसपास आणि मीटर ५८ हजारांच्या आसपास घरांत, म्हणजे साधारण ४ हजार घरांमागे एक. शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरंय, फक्त शितं सगळ्या टोपातून घ्यायला हवीत, म्हणून घरं निवडताना शहर-गाव, कमावत्याचं शिक्षण, घरातल्या वस्तू असं सगळं बघतात. ही घरं कुठली ते गुप्त ठेवतात. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी केस केली, आरोप असा की काही मीटरवाल्या घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनल लावून ठेवायला सांगितलं, मग न्यूज चॅनलचे आकडे बंद झाले ते थेट मार्च २०२२ ला परत सुरू झाले.

दर गुरुवारी आकडे येतात, आपल्याकडचे महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकत्र. त्यात कोकण किती, ते वेगळं दिसत नाही. सिरियल चालू राहणार की बंद होणार हे बरंचसं त्या आकड्यांवर ठरतं.

बाहेर पाऊस वाढलाय. लाइट गेली. आतून आजी विचारते, "फुडे काय झाला रे?"