पाचला ५८, शेवटी ६६: मतदानाचा आकडा तयार होतो कसा

२० नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा मतदानाच्या दोन आकड्यांवर बराच वाद झाला: पाचनंतर एवढी मतं आली कुठून, अशी शंका घेतली गेली. संध्याकाळी पाचची टक्केवारी ५८.२२, अंतिम ६६.०५. मतदार सुमारे ९ कोटी ७० लाख, त्यामुळे फरक होतो जवळपास ७६ लाख मतांचा. आकडा ऐकून दचकायला होतं. पण मतदान केंद्रं लाखभर होती. भागून पाहा: केंद्रामागे ७६ मतं. पाचपर्यंतच्या दहा तासांत त्याच केंद्रावर ताशी सरासरी ५६ मतं पडत होती. या हिशेबाने शंका हलकी होते, मिटत नाही. सरासरीआड एखादं केंद्र सहज लपतं. म्हणून त्या त्या केंद्राचा कागद पाहायचा.

पाचचा आकडा कच्चाच असतो. केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटचं, म्हणजे मतदान यंत्राच्या अधिकाऱ्यांजवळच्या भागाचं, 'टोटल' बटण दाबून बेरीज वर कळवतात. रांग मोठी असली की कळवायला उशीर होतो. सहाला नवी माणसं आत घेणं थांबतं, मतदान थांबत नाही. रांगेतल्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या देतात, त्याही शेवटच्या माणसापासून सुरुवात करून. पुढून वाटत गेलं तर तोवर मागे आणखी कोणी येऊन उभं राहील.

शेवटचं मत पडलं की 'क्लोज' बटण, आणि मग नमुना १७ सी, म्हणजे त्या केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाचा कागद. नोंदवहीत, म्हणजे १७ ए मध्ये, किती मतदार नोंदले, त्यातले किती सही करूनही मत न देता परतले, यंत्रात किती मतं आहेत, यंत्राचा क्रमांक काय, हे सगळं त्यात येतं. हजर असलेल्या मतदान प्रतिनिधीला याची प्रत मिळते. माझ्या मते पक्षांनी सगळ्यात जास्त जपायला हवा तो हा कागद. प्रतिनिधी आधीच उठून गेला, तर मोजणीच्या टेबलावर यंत्राची बेरीज ताडून कशाशी बघणार?

बेरीज चुकण्याचं एक कारण पहाटेचं असतं. मतदानाच्या ९० मिनिटं आधी अभिरूप, म्हणजे यंत्र तपासायला केलेलं लुटुपुटूचं मतदान होतं, किमान ५० मतांचं. त्यानंतर क्लोज, रिझल्ट, क्लिअर याच क्रमाने बटणं दाबायची. घाईत 'क्लिअर' राहिलं की ती ५० मतं खऱ्या मतांत मिसळतात. असं यंत्र मोजणीत बाजूला ठेवतात. विजयाचं अंतर अशा केंद्रांवरच्या एकूण मतांइतकं किंवा त्याहून कमी निघालं, तरच तिथल्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची छापील चिठ्ठी काढणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजतात.

मोजलेली मतं मतदानापेक्षा पाच लाखांनी जास्त कशी, हाही प्रश्न तेव्हा आला. ६६.०५ टक्के ही फक्त यंत्रावरची मतं. ५,३८,२२५ टपाली मतं त्यात धरलेली नव्हती.

त्याच निवडणुकीत साकोलीचा निकाल २०८ मतांनी लागला, मालेगाव मध्यचा १६२ मतांनी. एका केंद्रावर सरासरी सहाशेहून जास्त मतं पडली होती, म्हणजे अशा लढतीत एका केंद्राचा कागदही महत्त्वाचा.