इथिओपियाची कॉफी: भाव परका, अडथळे घरचे

इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ जंगलांत अरेबिका कॉफी आजही रानात आपोआप वाढते. आफ्रिकेत सर्वाधिक कॉफी पिकवणारा हा देश परकीय चलनासाठी बऱ्याच अंशी याच पिकाकडे पाहतो. मात्र त्याच्या मालाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारावरून ठरतो, आणि तो बाजार इथिओपियापेक्षा ब्राझीलच्या हवामानाकडे अधिक लक्ष ठेवून असतो. जुलै २०२१ मध्ये ब्राझीलचे मळे कडाक्याच्या थंडीने करपले आणि भाव उसळले. प्रत्येक देशाच्या निर्यातीचा वाटा ठरवून असे चढउतार काही प्रमाणात थोपवणारी आंतरराष्ट्रीय कोटापद्धत १९८९ मध्येच मोडली होती.

तरीही भाव चढला म्हणून निर्यात लगेच वाढते, असे होत नाही. नव्या झाडाला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात. शिवाय पिकाचा सुमारे निम्मा भाग देशातच प्यायला जातो. पाहुण्यासमोर बिया भाजून कॉफी करण्याची तिथली रीत पाहता त्याचे नवल वाटू नये.

खरी गुंतागुंत चलनाची आहे. सरकारने बिर या देशाच्या चलनाचा अधिकृत दर वर्षानुवर्षे चढा धरून ठेवल्यामुळे डॉलर दुर्मीळ झाले, आणि निर्यातदाराला आपल्या कमाईतला काही हिस्सा डॉलरमध्येच वापरता येत असल्याने कॉफी हे डॉलर मिळवण्याचे साधन बनले. यंत्रे, गाड्या किंवा बांधकामाचे साहित्य आयात करणारे काही व्यापारी देशात चढ्या दराने कॉफी विकत घेत, ती परदेशात तोटा सोसून विकत आणि तो तोटा आयात मालाच्या नफ्यातून भरून काढत. निव्वळ कॉफीवर पोट असलेल्या निर्यातदाराने अशा स्पर्धेत टिकावे तरी कसे? जुलै २०२४ मध्ये सरकारने विनिमय दर बाजारावर सोपवला, तेव्हा या उलट्या व्यवहाराचे मूळ कारणच सैल झाले.

१९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाल्यापासून देशाला स्वतःचा किनारा नाही. त्यामुळे माल जिबूतीच्या बंदरातून जातो आणि तिथवरच्या वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या दरातूनच वजा होतो.

२००८ मध्ये सुरू झालेल्या शेतमाल खरेदी-विक्रीच्या केंद्रीय बाजाराने (कमोडिटी एक्स्चेंज) व्यवहाराला शिस्त लावली, पण प्रदेश आणि प्रत यांनुसार माल एकत्र होऊ लागल्याने पोते कोणत्या शेतातले, हे कळेनासे झाले. २०१७ नंतर या बाजाराचे नियम शिथिल झाले, आणि ते वेळेवरच म्हणायचे, कारण २०२३ मध्ये युरोपीय संघाने संमत केलेला जंगलतोडविरोधी कायदा नेमका हाच तपशील मागतो. २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल त्या कायद्याने नाकारला जाणार आहे. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली असली, तरी जर्मनीसारखा मोठा ग्राहक त्याच बाजारपेठेत असल्याने लाखो छोट्या शेतांची स्थाननोंद करावीच लागेल. त्यातली कितीतरी शेते जंगलाच्या सावलीतच आहेत, आणि उपग्रहाच्या चित्रात अशी बाग व रान वेगळे ओळखणे सोपे नसते.