मॉरिशसची मतं, चागोसची बेटं

नमस्कार. परराष्ट्र धोरणावर व्याख्यान म्हटलं की अमेरिका, चीन, रशिया यांच्याबद्दल ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असते. आज मी ज्या देशाबद्दल बोलणार आहे त्याच्याकडे स्थायी सैन्यदेखील नाही. पोलिसांचंच एक निमलष्करी पथक आहे आणि एक तटरक्षक दल आहे. तो देश म्हणजे मॉरिशस. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. मुंबई बंदरातून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आजही आहेत, शाळांमधून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. आपलं नातं तिथे आहेच. पण नात्याबद्दल बोलायला मी आलेलो नाही. या देशाने ब्रिटन आणि अमेरिका या दोघांच्या विरोधात, एकही गोळी न झाडता, काय मिळवलं आणि ते मिळवताना कोण मागे राहिलं, हे मला आज सांगायचं आहे.

गोष्ट सुरू होते १९६५ च्या सप्टेंबरमध्ये, लंडनमधल्या लँकेस्टर हाउसमध्ये. मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू होत्या. तेव्हा मॉरिशसच्या कारभारात चागोस नावाचा एक द्वीपसमूह मोडत असे. मुख्य बेटापासून तो दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर, हिंदी महासागराच्या साधारण मध्यावर आहे. त्यातलं सगळ्यात मोठं बेट दिएगो गार्सिया. अमेरिकेला तिथे लष्करी तळ हवा होता आणि ब्रिटनला तो द्यायचा होता. अडचण एवढीच, की उद्या मॉरिशस स्वतंत्र झाला की बेटंही त्याच्याबरोबर जाणार. मग बेटं आधीच तोडून घ्यायची असं ठरलं. २३ सप्टेंबरला ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना भेटणार होते. त्या भेटीआधी विल्सन यांच्या सचिवाने त्यांना दिलेलं टिपण आज उपलब्ध आहे. त्यात हेतू सरळ लिहिला आहे: रामगुलाम यांना आशा दाखवून घाबरवायचं. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसच्या बाबतीत समजूतदारपणा दाखवला नाही तर ते कदाचित मिळणार नाही ही भीती.

रामगुलाम यांनी मान्यता दिली. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांची त्या दिवसाची स्थिती पाहा. मॉरिशसमध्येच स्वातंत्र्याला मोठा विरोध होता. पुढे १९६७ च्या निवडणुकीत चाळीस टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या पक्षाला मतं दिली. घरात असा दुभंग आणि समोर साम्राज्य. बदल्यात तीस लाख पौंड आणि काही आश्वासनं मिळाली. ८ नोव्हेंबर १९६५ ला चागोस तोडून 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' नावाची नवी वसाहत निर्माण झाली. जगभर वसाहती मोडीत निघत असताना एक नवी वसाहत तयार झाली, तीही संयुक्त राष्ट्रांनी १९६० साली वसाहतवाद संपवण्याचा ठराव करून झाल्यावर. १६ डिसेंबर १९६५ ला आमसभेने मॉरिशसचे तुकडे करू नका असा ठराव केला. त्याचा काही उपयोग झाला नाही. १२ मार्च १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झाला. ही तारीख गांधीजींच्या दांडीयात्रेची.

त्या बेटांवर माणसं राहत होती, हे लंडनच्या कागदांतून जवळजवळ पुसलं गेलं. दीड-दोन हजार लोक. नारळाच्या बागांत राबणारे, खोबरं वाळवणारे, मुख्यतः आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. काही घराणी तिथे पाचव्या पिढीत पोहोचली होती. १९६७ ते १९७३ या काळात त्या सर्वांना बेटांवरून हलवण्यात आलं. कुणी उपचारासाठी मॉरिशसला गेलं तर परतीची बोट मिळेना. बेटांवरची रसद कमी केली गेली. शेवटी त्यांची कुत्री धुराने गुदमरवून मारण्यात आली आणि उरलेल्यांना जहाजात बसवून मॉरिशस व सेशेल्सच्या बंदरांत सोडण्यात आलं. ब्रिटनला या व्यवहारात अमेरिकेकडून पोलारिस क्षेपणास्त्रांच्या किमतीत एक कोटी चाळीस लाख डॉलरची सूट मिळाली होती. ही सूट ब्रिटिश संसदेपासूनही लपवली गेली.

स्वातंत्र्यानंतरची पहिली बारा वर्षं मॉरिशस या प्रश्नावर जवळजवळ गप्प होता. कारण साखर. देशाची बहुतेक परकीय कमाई उसातून होती आणि गिऱ्हाईक होतं ब्रिटन. १९७५ च्या लोमे कराराने मॉरिशसला युरोपीय बाजारात सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने विकायचा हक्क मिळाला. साखर पट्ट्यातल्या माणसाला मी हमीभावाचं महत्त्व सांगायला नको. त्या पैशावर मॉरिशसने शाळा उभारल्या, मोफत शिक्षण दिलं, कपड्यांचे कारखाने काढले. लहान देशाला सगळ्या आघाड्यांवर एकाच वेळी भांडता येत नाही. मला हा क्रम चुकीचा वाटत नाही, फक्त त्याची किंमत राजधानी पोर्ट लुईच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या चागोसवासीयांनी दिली हे विसरू नये.

या गप्प काळातही एक काम चाललं होतं, आणि माझ्या मते ते सर्वांत दूरदृष्टीचं काम. मॉरिशसची बहुसंख्य प्रजा भारतीय वंशाची, बोली क्रिओल, वर्तमानपत्रं फ्रेंच, कायदेमंडळ ब्रिटिश धर्तीचं. असा देश स्वतःला आफ्रिकेपासून वेगळं सहज समजू शकला असता. रामगुलाम यांनी तसं केलं नाही. १९७६ मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटनेची शिखर परिषद पोर्ट लुईला भरली आणि रामगुलाम तिचे अध्यक्ष झाले. राष्ट्रकुल, फ्रेंचभाषक देशांची संघटना, दक्षिण आफ्रिकी विकास समुदाय, सगळीकडे सभासदत्व. १९९७ मध्ये हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरच्या देशांची संघटना स्थापन झाली, तिचं सचिवालयही मॉरिशसमध्येच. या संघटनांच्या बैठकांत आपल्याला झोप येईल. पण आमसभेत एका देशाला एक मत असतं आणि आफ्रिकेतल्या देशांची संख्या ५४ आहे.

आता कायद्याची लढाई. आंतरराष्ट्रीय न्यायालयात एखाद्या देशाला खेचायचं तर त्या देशाची संमती लागते. ब्रिटनने न्यायालयाचा अधिकार मान्य केला होता, पण राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद वगळून. मग मॉरिशसने सुचवलं, आम्ही राष्ट्रकुल सोडतो. २००४ मध्ये ब्रिटनने लगेच आपल्या घोषणेचे शब्द बदलले, आणि पूर्वी राष्ट्रकुलात असलेले देशही वगळले. दार बंद. २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवतीचा समुद्र संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केला. वरवर पाहता पर्यावरणाचं सत्कार्य. मात्र एका ब्रिटिश अधिकाऱ्याने अमेरिकन दूतावासाला, यामुळे मूळ रहिवाशांचा परतीचा दावा मोडेल असं सांगितल्याची तार पुढे विकिलीक्सने उघड केली. मॉरिशसने सागरी कायद्याखाली लवादाकडे धाव घेतली आणि मार्च २०१५ मध्ये लवादाने ते संरक्षित क्षेत्र बेकायदा ठरवलं.

तरीही सार्वभौमत्वाचा मुख्य प्रश्न तसाच होता. तिथे मॉरिशसने वाटच बदलली. दोन देशांच्या भांडणाला संमती लागते, पण आमसभा न्यायालयाकडे सल्लागार मत मागू शकते आणि त्याला कुणाच्याही संमतीची गरज नसते. प्रश्न मांडला तोही विचारपूर्वक. बेटं कुणाची, असं विचारलंच नाही. मॉरिशसच्या वसाहतमुक्तीची प्रक्रिया १९६८ मध्ये कायद्याने पूर्ण झाली होती का, असं विचारलं. ब्रिटन म्हणत राहिलं की हा आमच्या दोघांतला वाद आहे. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका या खंडांतल्या देशांना मात्र तो आपल्याच इतिहासाचा प्रश्न वाटला. २२ जून २०१७ ला ठराव ९४ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाला. ६५ देश तटस्थ राहिले, त्यात युरोपातले बहुसंख्य. ब्रेक्झिटच्या मतदानाला तेव्हा एक वर्ष होत आलं होतं. ज्यांच्यावर ब्रिटनची भिस्त असायची ते शेजारी यावेळी हात आखडून बसले. मॉरिशसच्या दूतांनी हा क्षण ओळखला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

सप्टेंबर २०१८ मध्ये हेगला आंतरराष्ट्रीय न्यायालयात सुनावणी झाली. मॉरिशसतर्फे पहिले बोलले माजी पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ. वय ८८. १९६५ मध्ये लँकेस्टर हाउसच्या शिष्टमंडळात तरुण सदस्य म्हणून ते स्वतः हजर होते. भारतानेही मॉरिशसच्या बाजूने निवेदन केलं. चागोसच्या एका वृद्ध महिलेचं क्रिओलमधलं चित्रमुद्रित निवेदन न्यायाधीशांना दाखवण्यात आलं. २५ फेब्रुवारी २०१९ ला न्यायालयाने १३ विरुद्ध १ असं मत दिलं: वसाहतमुक्ती अपूर्ण राहिली, ब्रिटनने लवकरात लवकर चागोसचा कारभार सोडावा. त्यामागचा तर्क लक्षात घ्या. ब्रिटनचा मुख्य आधार होता रामगुलाम यांची मान्यता. न्यायालयाने म्हटलं, जो प्रदेश तुमच्या सत्तेखाली आहे त्याच्या प्रतिनिधींची मान्यता ही जनतेची मुक्त आणि खरी इच्छा मानता येणार नाही. १९६५ मधला मॉरिशसचा दुबळेपणा २०१९ मध्ये त्याचा पुरावा बनला.

मे महिन्यात आमसभेने ब्रिटनला सहा महिन्यांची मुदत दिली. ११६ मतं बाजूने, विरोधात फक्त सहा: ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, हंगेरी, इस्रायल आणि मालदीव. फ्रान्स आणि जर्मनीही तटस्थ. ब्रिटनने हे मत बंधनकारक नाही म्हणून मुदत पाळली नाही. मग मॉरिशसने बाजूबाजूने चेपायला सुरुवात केली. मालदीवबरोबरच्या सागरी सीमेच्या खटल्यात सागरी कायदा न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये मॉरिशसचा हक्क गृहीत धरूनच पुढे जायचं ठरवलं. त्याच वर्षी जागतिक टपाल संघटनेने चागोससाठी काढलेली ब्रिटिश तिकिटं अमान्य केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसने भाड्याने घेतलेलं जहाज नेऊन चागोसमधल्या पेरोस बान्होस बेटावर आपला झेंडा रोवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडन वाटाघाटींना तयार झालं.

२२ मे २०२५ च्या कराराने सार्वभौमत्व मॉरिशसचं मानलं गेलं. दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे, वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड भाड्यावर. तळ हलणार नाही. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत बॉम्बफेकी विमानं जिथून उडाली तो तळ सोडायला अमेरिका तयार होणं शक्य नव्हतं आणि मॉरिशसने तसा हट्टही धरला नाही. कायद्याने हक्क मिळवता येतो, धावपट्टी रिकामी करून घेता येत नाही. शिवाय सहीनंतरही लंडनच्या संसदेची मंजुरी आणि वॉशिंग्टनची मर्जी लागतेच. २०२५ मध्ये वॉशिंग्टनने कराराचं स्वागत केलं आणि जानेवारी २०२६ मध्ये ट्रम्प यांनी त्याच करारावर जाहीर टीका केली. लहान देशाचं धोरण कितीही नेटकं असलं तरी दुसऱ्याच्या राजधानीतल्या एका सकाळीवर ते अवलंबून राहतं.

आपल्यालाही यात आरसा आहे. मुख्य बेटापासून सुमारे १,१०० किलोमीटरवर मॉरिशसचीच अगालेगा बेटं आहेत, वस्ती तीनशेच्या घरात. तिथे भारताने तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधून दिला, २९ फेब्रुवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. हा लष्करी तळ नाही असं मॉरिशस सरकार सांगतं. त्या बेटावरच्या माणसांना मात्र विचारावंसं वाटतं की आमचंही दिएगो गार्सिया होणार का. भारताने कुणाला हाकललेलं नाही आणि हाकलणारही नाही असं मला वाटतं. पण ज्यांच्या डोळ्यांसमोर चागोस घडलं त्यांची भीती खोटी म्हणून झटकू नये. कराराची कागदपत्रं जितकी उघड असतील तितकं भारताचंच भलं. चीनही दूर नाही. त्याने आफ्रिकेतला पहिला मुक्त व्यापार करार मॉरिशसशीच केला, जानेवारी २०२१ पासून तो लागू आहे. भारताबरोबरचा तसा करार त्याच वर्षी एप्रिलमध्ये लागू झाला. तीन महिन्यांच्या अंतराने दोन्ही मोठ्या शेजाऱ्यांशी, आणि दोघांनाही न दुखावता.

आणि चागोसवासी? या साठ वर्षांत त्यांच्या नावाने सगळं मागितलं गेलं, वाटाघाटींच्या टेबलावर मात्र त्यांना खुर्ची नव्हती. १९७० च्या दशकात त्यांच्या पुनर्वसनासाठी ब्रिटनने दिलेले साडेसहा लाख पौंड मॉरिशसच्या सरकारने वर्षानुवर्षं वाटलेच नाहीत, तोवर महागाईने त्यांची किंमत उतरली. त्यांच्यातले बरेच आज लंडनच्या दक्षिणेला क्रॉली गावात राहतात. त्यांतल्या काहींना मॉरिशसपेक्षा ब्रिटनचं राज्य बरं वाटतं, काहींना आपलं स्वतःचं. करारावर सही व्हायची त्याच दिवशी दिएगो गार्सियात जन्मलेल्या दोन महिलांच्या अर्जावर लंडनच्या न्यायालयाने पहाटे तात्पुरती स्थगिती दिली आणि काही तासांत ती उठवली. वसाहतमुक्तीचा युक्तिवाद ज्या देशाने हेगमध्ये इतक्या ताकदीने मांडला, त्याने तोच युक्तिवाद या लोकांच्या तोंडून ऐकायला तयार असायला हवं. करारात दिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर वस्ती करायची मुभा मॉरिशसला आहे, आणि चार कोटी पौंडांचा निधी चागोसवासीयांसाठी ठेवायचा आहे. कोणत्या बेटावर आधी घरं बांधायची, बोट किती वेळा जाणार, शाळा आणि दवाखाना कुठे, निधीतून कुणाला किती, हे पोर्ट लुईच्या सचिवालयात ठरू नये. त्या निधीच्या मंडळात चागोसवासीयांचं बहुमत असलं पाहिजे, आणि क्रॉलीत राहणाऱ्यांचं मतही त्यात धरलं पाहिजे, मग ते मॉरिशसच्या विरोधात का असेना.