दाराआडचा खून

नमस्कार मंडळी. ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला गाण्यांचा कार्यक्रम आठवतो, पण जुन्या ग्रीक भाषेत ऑर्केस्ट्रा म्हणजे नाचायची जागा, प्रेक्षकांच्या पुढ्यातलं मोकळं अंगण, तिथे कोरस, म्हणजे नाटकातला गाणाऱ्यांचा ताफा, गायचा आणि नाचायचा. त्याच्या मागे स्कीनी, मुळात तंबू, नट मुखवटे बदलायला आत जायचे, आणि आपण रोज म्हणतो तो सीन हा शब्द तिथूनच आलाय.

मला आज बोलायचंय ते त्या स्कीनीच्या दाराबद्दल. कारण ग्रीक शोकांतिकेत खून सहसा डोळ्यांसमोर होत नाही, दाराआड होतो, आणि मला तरी तो तसाच जास्त लागतो.

इ.स.पू. 458, अथेन्स, एस्किलसचं नाटक ‘आगामेम्नॉन’. ट्रॉय शहर जिंकून आलेला राजा आगामेम्नॉन घरात जातो आणि जरा वेळाने आतून त्याची किंकाळी, मग परत एक. बाहेर कोरस, म्हणजे नगरातली म्हातारी माणसं, ती काय करतात, तर चर्चा करत बसतात! एक म्हणतो लोकांना हाक मारू, दुसरा म्हणतो आत्ताच्या आत्ता आत घुसू, कोणी म्हणतं नुसत्या ओरडण्यावरून राजा मेला असं कसं धरायचं, असे बारा जण, प्रत्येकाला दोन-दोन ओळी. तेवढ्यात राणी राजाच्या प्रेतापाशी उभी दिसते आणि शांतपणे सांगते, दोन घाव घातले, पडल्यावर तिसरा. प्रेतं अशी समोर आणायला चाकांचा पाट असायचा, एकिक्लेमा, आणि देवांना वरून आणायला क्रेन, मेखाने.

मेडिया म्हणजे ग्रीक कथेतली, स्वतःच्याच मुलांना मारणारी आई. पुढे रोममध्ये होरेस या कवीने लिहून ठेवलं की मेडियाने प्रेक्षकांसमोर मुलांना मारू नये, पण नंतरच्या सेनेका या रोमन नाटककाराची मेडिया दुसऱ्या मुलाला घराच्या छपरावर मारते, खाली बाप गयावया करतोय. भयंकर आहे ते, नाही असं नाही.

पण ग्रीक नाटककार युरिपिडिसची मेडिया बघा, इ.स.पू. 431 ची. तिथे बंद दारामागून फक्त पोरांचे आवाज येतात, आईच्या हातून सुटून कुठे पळू असं एक जण विचारतो, आणि बाहेर कोरसमधल्या बायका म्हणतात आत जाऊ का, मुलांना वाचवायला हवं, आणि जात मात्र कोणीच नाही.